पन्नास हजारांची यादी

रमजान ईद होऊन दहा-बारा दिवस झाले होते. २०२४ चा एप्रिल. मगरिबची नमाज पढून आम्ही घरी आलो, तर धाकट्याने वहीतला एक कागद समोर ठेवला. वर ठळक अक्षरांत ‘पीसी’, खाली नऊ ओळी, प्रत्येक ओळीपुढे रक्कम आणि शेवटी दोनदा अधोरेखित केलेली बेरीज : ९२,०००.

“अब्बा, यात एकही गोष्ट उगाच लिहिलेली नाही,” तो म्हणाला.

आमचं आयुष्य गेलं उर्दू आणि मराठी शिकवण्यात. त्या नऊ ओळींपैकी पहिल्या वाचनात आम्हाला दोनच कळल्या, कीबोर्ड आणि माऊस. शेवटचा आकडा मात्र नीट कळला, कारण त्याच महिन्यात आमची भिशी लागली होती. दहा घरांची, दरमहा पाच हजारांची, चिठ्ठी काढून लागणारी भिशी. बोली लावून कमी पैशांत उचलायची नव्हे. हातात येणार होते पन्नास हजार. आणि ते गेल्या पावसाळ्यापासून आम्ही स्वयंपाकघरावरचे गळके पत्रे बदलण्यासाठी मनात धरून ठेवले होते.

“गेम खेळायला ९२ हजार?” आमचा आवाज चढला. तो मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यात थोरली लेक, जी एरवी अशा वेळी स्वयंपाकघरात निघून जाते, दारातूनच म्हणाली, “अब्बा, कॉम्प्युटर मलाही लागतो.”

ती तेव्हा बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला होती. घरातला जुना लॅपटॉप चालू व्हायला पाच मिनिटं घेतो, एका वेळी दोन कामं दिली की थिजतो, म्हणून ती कॉलेजची लॅब बंद होईपर्यंत तिथेच बसून प्रोग्राम पुरे करायची. रोज उशिराची एसटी का, असं आम्ही तिला अनेकदा रागावून विचारलं होतं. तिने कधी काही मागितलं नाही, म्हणून आम्हीही कधी विचारलं नाही की तुला काय कमी पडतं. मुलाच्या हट्टामुळे मुलीची गरज आम्हाला कळली, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

त्या रात्री मुलांच्या अम्मीने निकाल दिला. “पत्र्यांवर अजून एक पावसाळा ताडपत्री टाकू. पण मशीन एकच येईल आणि ते दोघांचं असेल. पन्नास हजारांच्या वर एक रुपया नाही.”

गेमच्या बाबतीतही आम्ही पूर्ण नकार देऊ शकलो नाही, त्याला कारण आहे. आमचं घर जुन्नरच्या कडेला. पलीकडे ऊस सुरू होतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र चालवावं लागतं. दिवस मावळला की मुलांना आम्हीच आत बोलावतो. मैदानावर जा म्हणायचं ते कोणत्या तोंडाने? मग तो मोबाइलच्या वीतभर पडद्यात डोळे घालून बसतो. त्यापेक्षा चार माणसांत, बैठकीच्या खोलीत, मोठ्या पडद्यावर खेळलेलं बरं, असं आम्हाला वाटू लागलं.

पहिला मोह समोर आला तो हप्त्यांचा. एका दुकानात गेमिंगचा लॅपटॉप होता, ७२ हजारांचा. “बारा महिने, सहा-सहा हजार. व्याज शून्य,” दुकानदार म्हणाला. आम्ही सहज विचारलं, रोख दिले तर? तो म्हणाला, “मग ६८ ला देतो.” म्हणजे बारा महिने थांबण्याचे चार हजार होतेच, फक्त त्यांना व्याज म्हणायचं नव्हतं. वर प्रोसेसिंग फी वेगळी. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठल्या तरी शुल्कात दडवलेलं असतं. दुकानदाराने स्वतः ठरलेल्या किमतीला उधारीवर माल विकणं वेगळं आणि मधे फायनान्स कंपनीचं कर्ज येणं वेगळं, हा फरक उलेमा समजावून सांगतात. इथे कर्जच होतं. आम्ही सलाम करून बाहेर पडलो. धाकटा रस्ताभर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीने सुचवलं, “सुटे भाग घेऊन आपणच जोडू. आज लागतं तेवढं आज घ्यायचं, बाकीचं नंतर बसवायचं. लॅपटॉपमध्ये ते जमत नाही.” मग सुट्टीत आमच्या घरी एक उलटी शाळा भरली. मुलं शिकवायची, आम्ही दोघं ऐकायचो.

सगळ्यात आधी वाद झाला तो ग्राफिक्स कार्डावरून. ९२ हजारांतले जवळपास तीस हजार त्या एका वस्तूचे होते. आम्ही त्याला ‘खेळण्याचं खेळणं’ म्हणालो, तेव्हा धाकट्याने आठवण करून दिली, “अब्बा, खोडदला त्या इंजिनिअरने काय सांगितलं होतं?”

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञान प्रदर्शन भरतं. जुन्नर-आंबेगावातल्या शाळा मुलांना घेऊन जातात. त्या वर्षी आम्हीही गेलो होतो आणि धाकटा सोबत होता. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की जवळपास मोबाइल चालू ठेवू देत नाहीत. तिथे एका तरुण इंजिनिअरने मुलांना फळ्यावर हिशेब दाखवला. तीस तबकड्यांतून दोन-दोनच्या जोड्या किती? ३० गुणिले २९, भागिले २, म्हणजे ४३५. या प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी सतत गुणत राहायचे. हे काम करणाऱ्या तिथल्या संगणकांत ग्राफिक्स प्रोसेसर बसवलेले आहेत. ज्या जातीची चिप गेममधली गाडी पळवते, त्याच जातीची चिप आमच्या तालुक्यात आकाशगंगांचे संकेत जुळवते. हे ऐकून धाकट्याने आम्हाला कोपराने ढोसलं होतं.

त्या चिपला एवढं काम का पडतं, हेही त्याने आम्हाला गणित घालून दाखवलं. पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६००. हलतं चित्र गुळगुळीत दिसायला ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे. बारा कोटी चव्वेचाळीस लाखांहून जास्त ठिपके, दर सेकंदाला. प्रोसेसर म्हणजे पाच-सहा विद्वान शिक्षक, अवघड प्रश्न पटापट सोडवणारे. ग्राफिक्स चिप म्हणजे हजारो मुलांची शाळा, प्रत्येकाकडे एकच सोपा गुणाकार, पण सगळे एकदम करतात. उपमा शाळेची असल्यामुळे आम्हाला चटकन कळली.

वाद मिटला तो असा की, काही प्रोसेसरमध्ये छोटी ग्राफिक्स चिप आतच असते. तो प्रोसेसर आज घ्यायचा, वेगळं कार्ड नंतर. रायझन ५ ५६००जी नावाच्या प्रोसेसरमध्ये सहा कोर आहेत, म्हणजे तेच सहा शिक्षक, आणि ग्राफिक्सही आहे. धाकट्याचा व्हॅलोरंट नावाचा गेम फुकट मिळतो आणि त्यावर बरा चालतो. फार भारी गेम चालणार नाहीत. इथे वाचकांसाठी एक सूचना : काही प्रोसेसर स्वस्त दिसतात, कारण त्यांत ही आतली चिप नसते. इंटेलच्या ज्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, ते असे. वेगळं कार्ड घेतलं नाही तर त्यावर पडदा उजळतच नाही. स्वस्त म्हणून घेऊन येणारे फसतात.

मग रॅम. लेकीने सांगितलं, रॅम म्हणजे टेबल आणि एसएसडी म्हणजे कपाट. कपाट कितीही मोठं असलं तरी टेबल छोटं असेल तर एक वही उघडताना दुसरी मिटावी लागते. तिला एका वेळी कोड लिहायचा प्रोग्राम, मोबाइलचं सोंग घेणारा दुसरा प्रोग्राम, व्याख्यानाचा व्हिडिओ आणि वीस-पंचवीस पानं उघडी लागतात. ८ जीबीत ते मावत नाही. १६ हवी, आणि तीही एकच पट्टी न घेता ८-८ च्या दोन. दोन पट्ट्या असल्या की माहिती दोन वाटांनी येते-जाते. प्रोसेसरमधली ग्राफिक्स चिप स्वतःची वेगळी मेमरी बाळगत नाही, ती याच रॅममधून उसनी घेते; म्हणून आमच्यासारख्या मशीनला दोन पट्ट्यांचा फायदा जास्त.

मदरबोर्डाच्या बाबतीत धाकटा भव्य, दिव्यांचा बोर्ड सोडून साध्या बी४५० वर आला. तो बोर्ड २०१८ चा आणि प्रोसेसर २०२१ चा, म्हणून त्यातला मूळ प्रोग्राम, ज्याला बायोस म्हणतात, तो नवा करून दिला आहे का, हे दुकानात आधी विचारायचं असं त्याने यादीत लिहून ठेवलं.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो एसएमपीएसवर, म्हणजे पेटीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. आमच्या मते हा डबा सर्वांत बिनमहत्त्वाचा. पेटीच्या आत तळाशी बसतो, कुणाला दिसत नाही. पेटीसोबत आठशे रुपयांत मिळतो, तर चार हजारांचा कशाला? मुलांनी आम्हाला ओळखीच्या एका मुलाचं मशीन दाखवलं. बाहेरून रंगीबेरंगी दिवे, काचेची पेटी. आत स्वस्तातला डबा. मार्चमध्ये रात्री शेतीची लाईट आली-गेली, व्होल्टेज उसळलं आणि डबा जळताना मदरबोर्डही घेऊन गेला. आमच्याकडे वीज कशी असते, हे जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्याला सांगायला नको. चांगल्या डब्यात असं काही झालं तर वीज तोडणारी सोय असते. ८० प्लस ब्राँझ असा शिक्का असेल तर अर्ध्या भारावर, भिंतीतून घेतलेल्या शंभर वॉटपैकी सुमारे ८५ आत पोहोचतात. प्रोसेसर ६५ वॉटचा, पुढे आरएक्स ६६०० हे कार्ड घेतलं तर ते १३२ वॉटचं, बाकीचं धरून तीनशेच्या आत. म्हणजे ५५० वॉटचा डबा पुष्कळ. त्याहून मोठा घेणं इसराफ आणि त्याहून हलका घेणं जुगार, असं आमचं एकमत झालं. सोबत यूपीएसही हवाच.

मुंबईत राहणाऱ्या मामूंनी लॅमिंग्टन रोडवर भाव विचारून कळवले. ते आणि पुण्याचे भाव जुळवून यादी अशी झाली :

प्रोसेसर ११,५००
मदरबोर्ड ६,५००
रॅम, ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या ३,४००
एसएसडी ५०० जीबी ३,३००
एसएमपीएस ५५० वॉट ४,३००
पेटी २,७००
मॉनिटर, २४ इंची ८,४००
कीबोर्ड-माऊस ९००
यूपीएस ४,८००

एकूण ४५,८००. चार हजार वाचलेले पाहून धाकटा एवढा खूश झाला की त्याने ते कार्डाच्या डब्यात टाकायचं जाहीर करून टाकलं.

मे महिन्यात एका शनिवारी पहाटेची एसटी धरून आम्ही तिघं पुण्याला गेलो. वाकडेवाडीला उतरलो, दुकान गाठलं. यादीतली प्रत्येक वस्तू मिळाली. खोके टेबलावर रचले गेले. बिल जीएसटीसह पक्कं, प्रत्येक खोक्याचा नंबर त्यावर, कारण वॉरंटी त्याच कागदावर मिळते. सगळं झाल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “विंडोज आणि ऑफिस टाकून देतो, सर. त्याचे काही पैसे नाहीत.”

आम्ही मान हलवली. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. लेकीने विचारलं, “ओरिजिनल आहे का?”

तो हसला. “मॅडम, ओरिजिनल कोण घेतं? सगळेच असं टाकतात.”

ओरिजिनल घ्यायचं तर किती, हे तिने विचारलं. ९,६००. म्हणजे बेरीज ५५,४००. भिशीच्या वर ५,४००. लॅपटॉप घेताना विंडोजचे पैसे किमतीतच धरलेले असतात; सुटे भाग घेताना ते वेगळे लागतात, ही गोष्ट आमच्या पंधरा दिवसांच्या शाळेत कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. इंटरनेटवर चार-पाचशेत किल्ली मिळते, असंही तो मुलगा म्हणाला. ती कुठून आलेली असते, हे त्याला सांगता येईना.

आम्ही गप्प उभे होतो. मनात हिशेब चालू होता. एवढी मोठी कंपनी, तिला आमच्या नऊ हजारांनी काय फरक पडणार? मुलं कुठे चोऱ्या करायला निघालीत? दुकानदारच देतोय, आपण मागितलं नाही. हे सगळं सुचत असताना मार्चमधली परीक्षा आठवली. एका मुलाला कॉपी करताना आम्ही पकडलं होतं. तोही म्हणाला होता, “सर, सगळेच करतात.” त्याच्या वडिलांना बोलावून आम्ही अर्धा तास अमानत आणि मेहनत यांवर बोललो होतो. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ मध्येच ठराव केला आहे की लेखक आणि शोधक यांचे हक्क ही त्यांची मालमत्ता आहे आणि शरीयतने ती जपली आहे. हे आम्हाला माहीत होतं. फिक्हच्या एका लेखात वाचून आम्हीच ते कधीतरी मुलांना सांगितलं होतं. व्याजाच्या दुकानातून ताठ मानेने बाहेर पडलेलो आम्ही, इथे मात्र ‘फुकट’ या शब्दावर अडखळलो होतो.

“उबुंटू टाकू,” लेक म्हणाली. “ती फुकट आहे आणि रीतसर फुकट आहे. माझा अभ्यास त्यावर होतो.”

“माझा गेम त्यावर चालत नाही,” धाकटा म्हणाला. ते खरं होतं. मशीन दोघांचं, असा शब्द आम्ही दिला होता. लेकीचं काम भागलं म्हणून मुलाचं सोडून द्यायचं, तर तोही अन्यायच. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्याने खोक्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि सर्वांत मोठं खोकं हाताने बाजूला सरकवलं.

“मॉनिटर नको.”

यादीतली त्याची सर्वांत आवडती वस्तू तीच होती. आम्ही विचारलं, डबा हलका घेतला तर? बोर्ड आणखी स्वस्त? यूपीएस पुढच्या महिन्यात? त्याने मान हलवली. “मॉनिटरवर दुसरं काहीच अवलंबून नसतं, अब्बा. जुना लावला तरी बाकीचं सगळं तसंच चालतं. नंतर कधीही बदलता येतो. डबा चुकला तर सगळंच जातं.”

आम्ही विंडोजचं खोकं घेतलं, मॉनिटरचं ठेवलं. परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. राजगुरुनगर येईपर्यंत आम्ही त्याच्याशी बोललो नाही. बोलायला गेलो असतो तर घसा दाटला असता.

आमचं रोजचं येणं-जाणं मंचरला. तिथे एक सायबर कॅफे बंद होऊन सामान विकायला निघालं होतं. बावीस इंची जुना मॉनिटर २,५०० रुपयांत मिळाला. एचडीएमआयची जोडणी आहे ना, पडद्यावर मेलेले ठिपके नाहीत ना, हे धाकट्याने तासभर लावून पाहिलं. उजव्या कोपऱ्यात एक ओरखडा आहे, तेवढंच. एकूण हिशेब झाला ४९,५००. एसटीचं भाडं आम्ही घरखर्चात घातलं आणि उरलेल्या पाचशेचा इंटरनेटचा वायफाय तुकडा आला. भिशी तिथे संपली.

रविवारी जुहरनंतर बैठकीत स्वच्छ चादर अंथरून जोडणी सुरू झाली. लेक पुस्तिका वाचायची, धाकट्याचे हात चालायचे. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर एक बारीक सोनेरी त्रिकोण असतो. तो बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि जोर न लावता अलगद सोडायचा. रॅमच्या दोन पट्ट्या चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. इशाची नमाज झाली तेव्हा सगळं जोडून झालं होतं. बिस्मिल्लाह म्हणून बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

चौघांचेही चेहरे पडले. अम्मी म्हणाली, “दुकानात परत नेऊ.” धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लेकीने वीज बंद केली, पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली आणि एकेक गोष्ट हाताने तपासली. दुसरी रॅमपट्टी एका बाजूने अर्धीच बसली होती. दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज आला. पुन्हा बटण दाबलं आणि ओरखड्याच्या पडद्यावर अक्षरं उमटली. अल्हमदुलिल्लाह. दुसऱ्या कुणाचं मशीन चालू होत नसेल तर डॉक्टरकडे नेण्याआधी रॅम काढून पुन्हा बसवून पाहावी, हे आता आम्हीसुद्धा लोकांना सांगतो.

नियम मुलांनीच लिहिले, आम्ही फक्त सही केली. मशीन बैठकीतच राहील, आत खोलीत जाणार नाही. मगरिबपासून इशापर्यंत लेकीचं, इशानंतर एक तास धाकट्याचा. परीक्षा ज्याची, मशीन त्याचं. गेममध्ये पैसे घालायचे नाहीत आणि पैसे लावून खेळायच्या गेमला हात लावायचा नाही. (अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. आमच्या घरात तो वर्षभर आधी झाला होता.) फजर चुकली तर त्या रात्रीचा गेम नाही. शेवटचा नियम धाकट्याने लिहिला आणि पहिल्या आठवड्यात दोनदा त्याच्यावरच लागू झाला. कुरकुर झाली, पण बसून मोडला नाही.

जूनच्या शेवटी पाऊस आला. स्वयंपाकघरावर निळी ताडपत्री, खाली दोन पातेली. एका रात्री लेक प्रोजेक्ट लिहीत होती आणि लाईट गेली. यूपीएस ओरडू लागला. तिने शांतपणे काम जतन केलं, मशीन बंद केलं आणि अम्मीला पातेली बदलायला मदत करायला उठली. जुन्या लॅपटॉपच्या दिवसांत अशा वेळी ती रडायची.

ग्राफिक्स कार्ड अजून आलेलं नाही. धाकट्याच्या डब्यात ईदीचे आणि सुट्टीत मामूंच्या दुकानात केलेल्या कामाचे मिळून अकरा हजार साठले आहेत. पत्रे मात्र गेल्या वर्षी बदलले. ज्यांना आमची यादी उपयोगी पडेल, त्यांनी आकडे आमच्या दिवसांचे समजावेत. २०२५ च्या अखेरीस एआयच्या मोठमोठ्या केंद्रांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. आमच्या ३,४०० च्या रॅमला आज ती किंमत राहिलेली नाही. भाव बदलतात, गरज आधी मांडून मग वस्तू शोधायची, हा क्रम बदलत नाही.

परवा शेजारचा एक मुलगा आला. दहावी झाली आहे, वडील कॉम्प्युटर घेऊन देणार आहेत. “भाईजान, कोणतं कार्ड घेऊ?” त्याने विचारलं. धाकट्याने वहीतला कागद फाडला. आम्ही चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत होतो, पण नजर तिकडेच होती. वाटलं, आता पहिली ओळ कार्डाची पडणार.

त्याने लिहिलं : १. विंडोज, ओरिजिनल. २. एसएमपीएस. मग मान वर करून त्या मुलाला विचारलं, “घरात अजून कुणाला लागतो का कॉम्प्युटर? आधी ते विचारून ये.”